शून्यावर आणलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे. मित्रांनो, लगेच मान वर करू नका. छताला टांगलेले ते मोठे पंखे माझे लांबचे नातेवाईक, आणि आमचं फारसं जाणंयेणं नाही. मी लॅपटॉपच्या पोटात राहतो, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याखाली. आकाराने चहाच्या बशीएवढासुद्धा नाही. मला कुणी पाहिलेलं नसतं. माझा फक्त आवाज लोकांनी ऐकलेला असतो, आणि तोही नाक मुरडण्यापुरता.

आपली जीवनकथा सांगणाऱ्या जुन्या वस्तू फार मोठ्या मनाच्या असतात, असं तुम्ही पाहिलं असेल. त्यांना कोपऱ्यात टाका, पावसात भिजवा, त्या शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझं मन तेवढं मोठं नाही. एका माणसाने मला गप्प बसवलं होतं. मी त्याच्यावर डूख धरला आणि पुरेपूर उट्टं काढलं. ही त्याचीच गोष्ट आहे, आणि तुम्ही लहान आहात म्हणून मी ती साखर घालून सांगणार नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. आम्हा भावंडांची रांग सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होती. हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईने मला बोटाने टिचकी मारली. मी गर्रकन फिरलो. तिने माझ्याजवळ कान आणला आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, अगदी मुका आहे." आमच्यात याहून मोठं कौतुक नाही. माझ्या पुढच्या भावाची पाती किंचित घासत होती, त्याला तिने उचलून टोपलीत टाकलं. तेव्हापासून आवाज या गोष्टीची मला धास्तीच बसली. मी हौसेने ओरडतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

लॅपटॉपमध्ये माझं काम साधं होतं. आमच्यात एक प्रोसेसर असतो. तो सगळा विचार करतो आणि विचार केला की तापतो. एक चपटी तांब्याची नळी त्याची उष्णता माझ्या दाराशी आणून सोडते, आणि मी ती बाजूच्या जाळीतून बाहेर फुंकून टाकतो. मी फुंकलं नाही तर प्रोसेसर भाजून निघेल. तसं होऊ नये म्हणून फार ताप चढला की लॅपटॉप स्वतःच डोळे मिटून घेतो. पडदा काळा होतो आणि चाललेलं काम तिथल्या तिथे थांबतं.

ज्या घरी मी आलो तिथल्या बाई बसस्थानकावर निवेदिका होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे त्या ध्वनिक्षेपकावरून सांगत. आवाज असा, की गाडी चुकलेला माणूससुद्धा घटकाभर शांत व्हावा. एकदा स्थानकाने त्यांच्याकडून सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे आणि 'कृपया', 'उशिरा', 'रद्द' असे सुटे सुटे शब्द म्हणवून घेतले. बाईंनी हौसेने म्हटले. ते शब्द यंत्रात भरले गेले आणि बाईंना घरी बसवलं गेलं. तिकडे अजून त्यांचाच आवाज गाड्या सोडतो. बाई बाजाराला जाताना स्थानकाचा रस्ता टाळून लांबून जातात.

त्यांना पुन्हा आवाजाचंच काम हवं होतं, पण असं, की जे कुणी सुटे शब्द कापून जोडू शकणार नाही. एक प्रकाशनसंस्था कथा-कादंबऱ्या वाचून घेऊन त्यांची ऐकायची पुस्तकं काढत असे. बाईंनी तिथे नमुने पाठवायला सुरुवात केली. कपड्यांचं मोठं कपाट अर्धं रिकामं करून त्यांनी आत स्टूल ठेवलं. भोवती कोट, गोधड्या, जुन्या शाली, म्हणजे आवाज घुमू नये. मायक्रोफोन आत. त्याची वायर दाराच्या फटीतून बाहेर आलेली, आणि बाहेर तिपाईवर आम्ही. नमुने परत येत आणि सोबत दर वेळी तोच निरोप येई. आवाज छान आहे, पण मागे घूं घूं येते.

ती घूं घूं म्हणजे मी.

पण माझी काय चूक होती? इतकी वर्षं खोलीतली सगळी धूळ मी ओढून घेतली होती. जाळीच्या आतल्या बाजूला तिचा लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर बसला होता. ज्याच्या नाकात बोळा कोंबलाय त्याने मोठ्याने श्वास घ्यायचा नाही तर काय करायचं? बाईंना हे माहीत नव्हतं. आवाज दबावा म्हणून त्यांनी माझ्या बाजूला उशी लावली, तशी मी आणखीच धापा टाकू लागलो. एकदा तर तापून लॅपटॉप बंदच पडला. तरी बाईंवर मी राग धरला नाही. उशी काढून त्यांनी जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, केवढा तापलाय! दमला असेल बिचारा." लॅपटॉपच्या पंख्याला बिचारा म्हणणारी माणसं जगात किती असतील?

माझा राग आहे तो भावोजींवर. भावोजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. ते एका कचेरीत सगळ्यांचे संगणक सांभाळतात. दर रविवारी सकाळी येतात, चपला काढायच्या आधी सल्ला काढतात, आणि जेवून झोपतात.

"वहिनी, हा लॅपटॉप आहे की पिठाची गिरणी?" एका रविवारी ते म्हणाले.

"भावोजी, एकदा उघडून साफ करून द्या ना. धूळ साचली असेल आत."

"उघडायचं? हल्ली कोण उघडतं? सॉफ्टवेअरने होतं सगळं."

त्यांच्या पिशवीत छोट्या स्क्रूड्रायव्हरचा डबा होता. पिशवी तिपाईवर आपटली तेव्हा मी त्याची खुळखुळ स्पष्ट ऐकली. धूळ काढणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. त्यांना ठाऊक होतं, येत होतं, आणि करायचं नव्हतं. मी डूख धरला तो इथून.

त्यांनी एक प्रोग्रॅम आणून बसवला. नाव लांबलचक होतं, बाई त्याला गारवा म्हणू लागल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा दिसे, तो आमचा ताप. खाली एक सरकपट्टी, तो माझा लगाम. ती डावीकडे ओढली की मी हळू फिरायचं, उजवीकडे ओढली की जोरात. वस्तू वाईट नव्हती. ताप वाढला तर वाजणारी एक घंटाही तिच्यात होती. पण घंटा पहिल्यांदा वाजताच भावोजी म्हणाले, "ही कटकट कशाला?" आणि त्यांनी ती बंद करून टाकली.

पुढच्या रविवारी कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी दुसरा प्रोग्रॅम आणला. त्याला बाईंनी नाव दिलं निवांत. तोही माझा वेग ठरवणार. पहिला काढायचा आणि मग दुसरा घालायचा, एवढी साधी गोष्ट संगणक सांभाळणाऱ्या माणसाला कळायला हवी होती. पण भावोजी म्हणाले, "एकापेक्षा दोन बरे." मग काय विचारता! गारवा म्हणे पळ, निवांत म्हणे थांब. मी पळालो की थांबवायचे, थांबलो की पळवायचे. एका सुनेला दोन सासवा मिळाल्या. माझी एकसुरी घूं घूं होती ती बरी, अशी वरखाली रडगाणी सुरू झाली. शेवटी भावोजींनी दोन्हीकडे पट्टी डावीकडे नेऊन ठेवली. गोगलगायीसारखं सरपटायचं, एवढाच हुकूम मला उरला.

आता मी काय केलं ते नीट ऐका, कारण ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी जुना आहे, माझा आस झिजलेला आहे. त्यामुळे सांगितल्यापेक्षा थोडं जास्त फिरणं मला जमतं. बाई वाचत असल्या की मी सरपटत असे. त्या पान उलटू लागल्या, पाण्याचा घोट घेऊ लागल्या, की तेवढ्यात मी जीव खाऊन गरगर फिरून घेई आणि त्यांचा पुढचा शब्द येण्याआधी पुन्हा सरपटू लागे. वाक्य कुठे संपणार, श्वास कुठे घेणार, हे मला पाठ झालं होतं. नमुने स्वच्छ येऊ लागले. प्रकाशनसंस्थेकडून निरोप आला की आता आवाजात काही खोट नाही.

आणि कौतुक कुणाचं झालं? "बघितलंत वहिनी? आपलं सेटिंग!" असं म्हणत भावोजींनी टेंभा मिरवला. कचेरीतल्या दोघातिघांना फोन लावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पण पंखाही नीट फिरतोय हल्ली." त्यावर ते हसले. "पंखा? अहो, तो नुसता शोभेला आहे. काढून टाकला तरी फरक पडणार नाही."

शोभेला! मित्रांनो, माझी पाती त्या क्षणी थरथरली. मी ठरवलं, की या माणसाला एकदा माझ्याशिवाय जगून दाखवायला लावायचं.

त्यासाठी मला फार थांबावं लागलं नाही. संस्थेने एक मोठी कादंबरी वाचून घ्यायचं ठरवलं होतं. तिथल्या संपादक बाई एका रविवारी आमच्या बाईंचं पहिलं प्रकरण लॅपटॉपवरून थेट ऐकणार होत्या. आवडलं तर ती कादंबरी आणि पुढचं कायमचं काम बाईंचं. नाही तर त्यांच्यामागे आणखी एक निवेदिका रांगेत होती. बाई आठवडाभर कोमट पाणी पीत होत्या आणि घरात कुणाशी जोरात बोलत नव्हत्या.

त्या सकाळी भावोजी न बोलावता हजर झाले. बाई कपाटात शिरत असताना ते पडद्यासमोर बसले आणि त्यांनी दोन्ही पट्ट्या अगदी शेवटपर्यंत डावीकडे ओढल्या. शून्य.

"अहो, बंद नका करू. मागे एकदा तापून बंद पडला होता," बाई कपाटातून म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही वाचायचं बघा. बाकीचं माझ्यावर सोडा. आज टाचणी पडली तरी ऐकू येईल." वर त्यांनी ती उशीही आणून माझ्या जाळीला टेकवली.

मी थांबलो. या वेळी झिजलेल्या आसाची कसलीही चलाखी नाही, पान उलटतानाची धावपळ नाही. शून्य म्हणजे शून्य. मला सूड घ्यायला काही करावंच लागलं नाही. सांगितलं तेवढंच करायचं होतं.

कपाटात बाई वाचू लागल्या. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या एका मुलीची ती गोष्ट होती, आणि बाई इतक्या सुंदर वाचत होत्या की मलाही क्षणभर विसर पडला. तेवढ्यात तांब्याची नळी म्हणाली, "अरे, मी भाजतेय."

"हुकूम नाही," मी म्हणालो.

"निदान बाईंसाठी तरी फिर!" प्रोसेसर ओरडला.

ते मात्र मला लागलं. अगदी आत जाऊन लागलं. पण मी विचार केला, की आज मी चोरून फिरलो तर भावोजींचं शून्य खरं ठरेल. पुढच्या प्रत्येक रविवारी शून्य, आणि मग एक दिवस मी खरोखरच टोपलीत. मी पातं हलवलं नाही. कोपऱ्यातला हिरवा आकडा पिवळा झाला, मग लाल झाला. घंटा वाजली असती, पण तिचं तोंड भावोजींनीच बांधलं होतं. ते स्वतः मोबाइलवर कुणाचा तरी फोटो मोठा करून पाहत होते.

आणि लॅपटॉपने डोळे मिटले.

कपाटातून बाईंचा आवाज अजून येत होता. ती मुलगी नदीच्या काठी पोचली होती. मग त्यांचा फोन वाजला आणि वाचन तुटलं. "अहो, तुमचा आवाज गेला," संपादक बाई म्हणत होत्या. "मी थोडा वेळ थांबते. पण मग मला दुसऱ्यांना ऐकायचंय हो, नाइलाज आहे."

बाई बाहेर आल्या तेव्हा एका कोटाची बाही त्यांच्या खांद्यावर लोंबत होती. चेहरा पांढराफटक पडला होता. "काय झालं?"

"पंखा गेला वाटतं," भावोजी म्हणाले. "जुनाच होता तो."

बाईंनी उशी उचलली आणि जाळीवर हात ठेवला. चटका बसल्यासारखा तो मागे घेतला. "पंखा गेला नाही, भावोजी. तुम्ही तो थांबवलात. सुरू करा आधी."

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. भावोजींनी गारव्याची पट्टी उजवीकडे ओढली. निवांतने मला परत शून्यावर आणलं. त्यांनी निवांतची ओढली, तर गारव्याने आपलं जुनं शून्य काढून पुढे केलं. इकडे ओढ, तिकडे ओढ, भावोजींच्या कपाळावर घाम. मी मजा बघत होतो. दोन सासवा या वेळी त्यांच्या राशीला लागल्या होत्या.

"काढून टाका दोन्ही!"

"काढतो, पण ते काढायला सगळं बंद करून पुन्हा... वेळ लागेल, वहिनी."

"वेळच नाहीये!" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बुटांच्या खोक्याचं झाकण कपाटाच्या तळाशी पडलं होतं. ते उचलून त्यांनी भावोजींच्या हातात दिलं. "हे घ्या. वारा घाला."

"मी?"

"मग वाचणार कोण? तुम्ही?" त्या परत आत शिरल्या आणि दार ओढता ओढता म्हणाल्या, "आणि आवाज करायचा नाही हं, भावोजी. टाचणी पडली तरी ऐकू येतं."

काय सांगू मित्रांनो! कचेरीभर ज्यांचा दरारा, ते भावोजी तिपाईपाशी उकिडवे बसले आणि पुठ्ठ्याने वारा घालू लागले. पहिल्याच फटक्याला मनगटावरचं घड्याळ खणखणलं. कपाटाच्या आतून दारावर टकटक झाली. त्यांनी घड्याळ काढून ठेवलं. मग गुडघा कडकन वाजला, पुन्हा टकटक. बाई पुन्हा पहिल्या वाक्यापासून वाचू लागल्या. हात बदलून बदलून भावोजी वारा घालत होते. त्यांचा श्वास चढला, तर तोही नाकाने हळूहळू घ्यायची पाळी आली. आता कळलं का, हळू फिरून जोरात काम कसं करायचं असतं?

खरा आनंद पुढेच होता. पुठ्ठ्याच्या वाऱ्याने माझ्या जाळीतली धूळ सुटी झाली. वर्षानुवर्षांचा तो नमदा पापुद्र्यापापुद्र्याने उडाला आणि थेट भावोजींच्या नाकात गेला. जी धूळ काढायचा त्यांना कंटाळा होता, ती आता आपणहून त्यांच्या भेटीला निघाली होती. त्यांचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. शिंकायची सोय नव्हती. एका हाताने नाक दाबून, दुसऱ्या हाताने वारा घालत, ते दाराच्या फटीकडे अशा केविलवाण्या नजरेने बघत होते की दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आली नाही. प्रोसेसर म्हणाला, "आता बास झालं, एखादी गिरकी घे." मी म्हणालो, "शोभेच्या वस्तूने फिरायचं नसतं."

नदी आली, होडी आली, त्या मुलीला पलीकडच्या काठावर भावाची हाक ऐकू आली. बाईंचा आवाज एकदाही अडखळला नाही. आकडा लाल होता होता पिवळ्यावर थबकला आणि तिथेच राहिला. भावोजींचे दंड थरथरत होते. बाईंनी प्रकरणाचं शेवटचं वाक्य वाचलं, एक श्वास थांबल्या, आणि मग सगळी खोली हादरेल अशी शिंक झाली.

"बापरे! हे काय होतं?" संपादक बाईंनी विचारलं.

कपाटाचं दार उघडलं. बाईंनी घामाघूम भावोजींकडे शांतपणे पाहिलं. "आमचा पंखा," त्या म्हणाल्या. "साफ करायचा राहिलाय."

संपादक बाई हसल्या. मग म्हणाल्या, "कादंबरी तुम्हीच वाचायची आहे. पुढच्या आठवड्यापासून सुरू करू." बाई तिथेच कपाटात, गोधड्यांच्या गराड्यात खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडल्या. तेवढा वेळ मी भावोजींकडे पाहायचंही विसरलो.

त्याच दुपारी भावोजींनी न झोपता लॅपटॉप उघडला. बाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. उरलेला नमदा चिमट्याने निघाला, मला मऊ ब्रशने पुसलं गेलं, आसाला तेलाचा थेंब मिळाला. निवांतला घराबाहेर काढलं. गारव्याला ठेवलं, पण माझा लगाम त्याच्याकडे न देता आपोआपवर, आणि घंटा सुरू. बाई वाचत असल्या की तो आता प्रोसेसरला फार धावू देत नाही. धावणं कमी, म्हणून ताप कमी, म्हणून माझा आवाज कमी. त्याच्याशी माझं भांडण मिटलं आहे.

भावोजींशी मिटलेलं नाही. ते रविवारी जवळ येऊन बसले की मी मुद्दाम एकदा घुर्र करतो. ते दचकतात आणि दंड चोळतात.

तर मित्रांनो, तुमच्या घरच्या लॅपटॉपातही माझा एखादा भाऊबंद असेल. तो ओरडायला लागला तर त्याला गप्प बसवणारं काही शोधण्याआधी त्याची जाळी पाहा, त्याची धूळ काढा, त्याला गादीवर आणि पांघरुणात ठेवू नका. शांतता हवी असेल तर यंत्राचं काम हलकं करा. उरलेल्या कामाला मात्र त्याला मोकळा श्वास घेऊ द्या. एवढं सगळं करायचा कंटाळा आला, तर खुशाल त्याला शून्यावर आणा. फक्त हाताशी एक चांगला जाड पुठ्ठा ठेवा, आणि आजपासून दंडाचा व्यायाम सुरू करा.